आज बाजार कुठं? सीमाभागात घरबसल्या वेबसाइट बनवायला शिकताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी करून घरी येणारा कुणी, खानापुरात दुकान सांभाळणारी कुणी, नुकतंच निवृत्त झालेलं कुणी, बारावीची परीक्षा देऊन सुट्टीत बसलेलं कुणी. यांच्यापैकी कुणालाही नोकरीसाठी नव्हे, तर आवड म्हणून वेबसाइट बनवायला शिकायचं असेल तर कुठून सुरुवात करावी, हे इथे क्रमाने सांगायचंय. छंद म्हणून शिकणाऱ्याला एक मोठं स्वातंत्र्य असतं. अभ्यासक्रम पुरा करायची सक्ती नाही, सर्टिफिकेट दाखवायचं नाही, बाजारात सध्या काय चालतंय त्याच्या मागे धावायचं नाही. आपल्याला हवं ते पान बनेपर्यंत लागेल तेवढंच शिकायचं, मग पुढचं पान.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. पहिल्या दिवसापासून पान मराठीत बनवा आणि ते आपल्या भागातल्या कुणाच्या तरी उपयोगाचं असू द्या. जवळजवळ सगळे धडे इंग्रजी मजकुरावर बेतलेले असतात. ते करताना सगळं सुरळीत चालतं आणि पुढे कधीतरी मराठी मजकूर टाकला की ओळी एकमेकींवर चढतात, शोध चालत नाही, अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. मराठीत सुरुवात केली तर या अडचणी एकेक करून भेटतात आणि एकेक करून सुटतात. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात तर आपण रोज देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या वाचतो. दुकानाची पाटी, बसचा फलक, सरकारी नोटीस, सगळं त्यातलंच. तीन लिप्या नीट सांभाळणारं पान बनवता आलं, तर वेबचा असा एक भाग तुमच्या हातात येतो ज्याकडे अनुभवी मंडळीही फारशी फिरकत नाहीत.

आधी पान कशाचं ते ठरवा

मी सुचवेन आठवडी बाजाराचं पान. आपल्या आसपासच्या दहा-पंधरा गावांची यादी, कुठल्या गावाला कुठल्या वारी बाजार भरतो, आणि वर एक ओळ: आज बाजार कुठं? ही माहिती लोकांच्या तोंडी असते, इंटरनेटवर क्वचितच नीट सापडते. पान छोटं आहे, तरी वेब शिकायला लागणारी जवळपास प्रत्येक गोष्ट त्यात येते: मजकूर, तक्ता, रचना, रंग, तारीख, शोध. तुम्हाला दुसरं काही आवडत असेल तर ते घ्या. दिवाळीत गल्लीत केलेल्या किल्ल्यांचे फोटो घ्या, राजहंसगड, भीमगड, वल्लभगड अशा गडांची माहिती घ्या, किंवा आजीच्या हातच्या मांड्यांची कृती घ्या. फक्त 'माझी ओळख, माझे छंद' छापाचं पान घेऊ नका. ते कुणी वाचत नाही, त्यामुळे ते सुधारायची गरजही कधी वाटत नाही.

संगणक उघडण्याआधी वहीत माहिती गोळा करा. गणपत गल्लीत भाजी घेऊन बसलेल्या बायका आसपासच्या खेड्यांतूनच येतात. "मावशी, तुमच्याकडं बाजार कुठल्या वाराला भरतोय?" एवढं विचारलं की एका गावाचं उत्तर मिळतं आणि शेजारच्या दोन गावांचंही. प्रत्येक गावासाठी चार रकाने करा: मराठीतलं नाव, कन्नडमधलं नाव, वार, आणि कुणाकडून व कधी कळलं. शेवटचा रकाना पानावर दाखवायचा नाही, पण पुढे कुणी 'हे चुकलंय' म्हटलं तर तोच उपयोगी पडतो. कन्नड नाव कानाने ऐकून लिहू नका. बसच्या फलकावरून किंवा ग्रामपंचायतीच्या पाटीवरून उतरवा आणि कन्नड वाचणाऱ्या एखाद्या मित्राला दाखवा.

साधनं

जुना लॅपटॉप चालतो. ४ जीबी रॅमवर हे सगळं काम होतं. एक ब्राउझर हवा, फायरफॉक्स किंवा क्रोम, आणि कोड लिहायला एक एडिटर. व्हिज्युअल स्टुडिओ कोड मोफत आहे आणि चांगला आहे. लॅपटॉप फारच थकला असेल तर नोटपॅड प्लस प्लस घ्या. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर एकोड किंवा स्पक एडिटर हे ॲप टाकून सुरुवात करता येते. बोटं दुखतात, पण शिकणं थांबत नाही.

मराठी टाइप करायची सोय मात्र पहिल्याच दिवशी पक्की करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. इन्स्क्रिप्ट शिकायला थोडे दिवस लागतात, पण माझं मत त्याच्याच बाजूने आहे, कारण त्यात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. 'ल'ची कळ शिफ्ट दाबून मारली की 'ळ' येतो, 'र'ची कळ शिफ्ट दाबून मारली की 'ऱ' येतो. या 'ऱ'ची गोष्ट पुढे येणार आहे. शिवाय इन्स्क्रिप्ट एकदा बोटांत बसलं की कन्नडही त्याच जागांवरून टाइप होतं, कारण भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी सारखीच आखलेली आहे. सीमाभागातल्या माणसाला यापेक्षा सोयीचं काय हवं!

इंटरनेट सतत लागत नाही. वेबपान म्हणजे तुमच्या संगणकातली एक साधी फाइल असते आणि ब्राउझर ती इंटरनेटशिवाय उघडतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रेंज गेली तरी काम चालू राहतं. संदर्भासाठी डेवडॉक्स नावाची साइट आहे. रेंज असताना तिथली एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबच्या तीन भाषांची पानं ऑफलाइन साठवून ठेवा.

पहिली फाइल

एक फोल्डर करा, त्याला बाजार या अर्थाचं इंग्रजी अक्षरांतलं, एका शब्दाचं, लहान लिपीतलं नाव द्या. त्यात फाइल बनवा: इंडेक्स डॉट एचटीएमएल. कोडमधले शब्द इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे असतात. इथे मी ते बोलताना म्हणतो तसे लिहिलेत.

विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतं. त्यामुळे नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल दिसते 'इंडेक्स डॉट एचटीएमएल', पण असते 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी', आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी नुसता कोड दिसतो. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा आणि ते कायम चालू ठेवा.

आता आतला मजकूर. एचटीएमएल म्हणजे मजकुराच्या कुठल्या तुकड्याचं काय काम आहे ते सांगणारी खुणांची भाषा. कोनी कंसात खुणेचं नाव लिहून खूण उघडायची, आणि नावाआधी तिरकी रेघ देऊन ती बंद करायची. मुख्य मथळा एच-वन, उपमथळे एच-टू, परिच्छेद पी, यादी यूएल आणि तिच्यातली प्रत्येक नोंद एलआय, दुवा ए, चित्र आयएमजी, तक्ता टेबल, त्यातली ओळ टीआर, रकान्याचं शीर्षक टीएच आणि घर टीडी. एवढ्या खुणांवर तुमचं बाजाराचं पान उभं राहतं. बाकीच्या शंभरेक खुणा पाठ करत बसू नका.

पण फाइलच्या डोक्यात, म्हणजे हेड या भागात, तीन ओळी अगदी आधी घाला. पहिली मेटा कॅरसेट यूटीएफ-८. ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असावी असा नियम आहे, म्हणून हेड उघडताच तीच लिहा. ती नसेल तर मराठी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसू शकते. दुसरी व्ह्यूपोर्टची मेटा ओळ. तिच्यावाचून फोनवर पान मुंगीएवढं दिसतं. तिसरी टायटल, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर आणि गुगलच्या निकालात दिसणारं नाव. त्यात 'बेळगाव' आणि 'बेळगावी' ही दोन्ही रूपं येऊ द्या. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललंय, आणि शोधणारे दोन्ही लिहून शोधतात.

फाइल सेव्ह करा, तिच्यावर दोनदा क्लिक करा. ब्राउझरमध्ये मथळा दिसला की पुढे जा. गावं तक्त्यात भरा: आधी दोनच, मग सगळी.

भाषा कुठली ते ब्राउझरला सांगा

ही पायरी बहुतेक धड्यांत एका ओळीत उरकलेली असते. आपल्यासाठी ती सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सगळ्यात बाहेरच्या एचटीएमएल खुणेत लँग नावाचा गुण, म्हणजे खुणेला जोडलेली माहिती, असते. इंग्रजी नमुना उतरवला तर त्यात इंग्रजीचा संकेत ईएन असतो. तो काढून मराठीचा संकेत एमआर लिहा. ब्राउझरला लिपी दिसते, भाषा दिसत नाही. देवनागरी पाहून तो हिंदी समजू शकतो, आणि मग वाचकाला 'हे पान हिंदीतून भाषांतरित करू का' असं विचारतो. पण खरा फरक अक्षरांत दिसतो. मराठी छपाईतले 'ल' आणि 'श' हिंदीतल्या वळणापेक्षा वेगळे असतात. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि लँगमध्ये एमआर लिहिलं की मराठी वळण आपोआप येतं. करून बघा: पानावर 'लाल शाल' लिहा, लँग आधी हिंदीचा एचआय ठेवा, मग एमआर करा आणि दोन्ही वेळा पान मोठं करून बघा. कोडमधली दोन अक्षरं बदलली आणि आपल्या शाळेच्या पुस्तकातला 'ल' समोर आला, हे बघितल्यावर हा गुण कुणी विसरत नाही.

आता कन्नड नावं. तक्त्यात ज्या घरात कन्नड नाव आहे त्या टीडी खुणेवर स्वतंत्रपणे लँग बरोबर केएन लिहा. दृष्टिहीन वाचकाचा संगणक किंवा फोन पान मोठ्याने वाचतो तेव्हा याच गुणावरून आवाज बदलू शकतो. ईस्पीक एनजी या मोफत वाचक-इंजिनात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. गुण दिला नाही तर कन्नड नाव मराठी उच्चाराच्या यंत्राकडे जातं आणि गोंधळ होतो, किंवा ते गाळलंच जातं.

दिसणं

सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारी भाषा. हिची कल्पना होकोन वियुम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. तिच्यात शिकण्यासारखं अफाट आहे. सुरुवातीला मी सांगतो तेवढंच घ्या.

वेगळी फाइल करा, स्टाइल डॉट सीएसएस, आणि लिंक खुणेने ती पानाला जोडा. फॉन्टच्या यादीत आधी नोटो सॅन्स देवनागरी आणि त्यानंतर नोटो सॅन्स कन्नड लिहा. ब्राउझर प्रत्येक अक्षरासाठी यादीत पहिला चालणारा फॉन्ट शोधतो, त्यामुळे एकाच ओळीत दोन लिप्या आल्या तरी प्रत्येकीला तिचा फॉन्ट मिळतो. दोन्ही गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. तिथेच मुंबईच्या एक टाइप मंडळींचे मुक्ता आणि बालू हे फॉन्टही आहेत. मुक्ता मजकुराला फार छान दिसतो, बालू मथळ्यांना. छापील पुस्तकाचा घाट हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी वापरून बघा.

लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.६ ते १.७ ठेवा. इंग्रजीसाठी १.४ पुरते, पण आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. जागा दिली नाही तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. लेटर-स्पेसिंगला हात लावू नका, कारण अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. इटॅलिक वापरू नका. देवनागरीत तिरक्या अक्षराची परंपरा नाही आणि ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून वाकडी करतो, ते वाचायला त्रास होतो. जोर द्यायचा तर ठळक करा. अक्षराचा आकार १८ पिक्सेलच्या खाली नको.

रंगांचा विचार उन्हात उभं राहून करा. हे पान माणूस बाजारात, भर दुपारी, जुन्या फोनवर उघडणार आहे. फिकट राखाडी पार्श्वभूमीवर फिकट निळी अक्षरं घरात सुंदर दिसतात आणि उन्हात दिसतच नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या रंगभेदाचं प्रमाण निदान ४.५ : १ असावं, असं सर्वांना वाचता येण्याच्या जागतिक मार्गदर्शनात म्हटलंय. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून उघडणाऱ्या साधनांत हे प्रमाण मोजता येतं. त्याच साधनांत फोनच्या पडद्याएवढं पान करून बघता येतं आणि मुद्दाम नेट मंद करून पान किती वेळात उघडतं तेही कळतं. एफ-१२ ही तुमची खरी शाळा. कुठल्याही साइटवर जाऊन ती उघडा आणि दुसऱ्यांनी कसं बांधलंय ते बघा. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सगळ्यांना मोफत खुली केली. आज दुसऱ्याच्या पानाचा कोड उघडून बघता येतो, त्यातही मला तोच मोकळेपणा दिसतो.

पानात जीव

आता जावास्क्रिप्ट. 'आज बाजार कुठं?' या ओळीसाठी ती लागणार. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. तुम्हाला मात्र घाई नाही.

तिसरी फाइल करा, स्क्रिप्ट खुणेने ती पानाला जोडा आणि तिच्यात गावांची यादी लिहा: प्रत्येक गावाची एक नोंद, नोंदीत नाव, कन्नड नाव आणि वाराचा आकडा. वार शब्दात न लिहिता आकड्यात लिहा. जावास्क्रिप्टला आजची तारीख विचारून गेट-डे म्हटलं की ती ० ते ६ मधला आकडा देते, रविवारला ०, सोमवारला १, असं शनिवारला ६. मग फिल्टर या आज्ञेने ज्या गावांचा आकडा आजच्या आकड्याशी जुळतो तेवढी निवडायची आणि पानावर दाखवायची. एखाद्या वारी एकही गाव नसेल तर 'आज आसपास बाजार नाही' ही ओळही तुम्हीच लिहायची, नाहीतर तिथे नुसती पांढरी जागा दिसते.

इथे एक आनंदाची गोष्ट. जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीत देता येतात. यादीला 'गावं' म्हणा, रकान्याला 'वार' म्हणा, चालतं. सुरुवातीच्या महिन्यांत असंच करा असं मी सांगेन, कारण भाषेचे ठरीव शब्द कुठले आणि आपण दिलेली नावं कुठली हे एका नजरेत कळतं. पुढे दुसऱ्यांबरोबर काम करायची वेळ आली तर इंग्रजी नावं घ्या.

तारीख दाखवताना वार आणि महिन्यांची यादी हाताने टाइप करत बसू नका. टू-लोकेल-डेट-स्ट्रिंग या आज्ञेला एमआर-आयएन सांगितलं आणि वार-महिना शब्दांत हवा हेही सांगितलं की तारीख मराठीत, मराठी आकड्यांत मिळते. केएन-आयएन सांगितलं की कन्नडमध्ये. मोठ्या संख्यांचंही तसंच: इंटल-नंबर-फॉरमॅटला एमआर-आयएन सांगा आणि १२३४५६ द्या, उत्तर येतं १,२३,४५६, आपल्या लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह.

मराठीचे काटे

गावाच्या नावाने शोधायची चौकट पानावर घालाल तेव्हा दोन गोष्टी अडवतील.

पहिली मोजणीची. जावास्क्रिप्टला 'बेळगाव' या शब्दाची लांबी विचारा, ती ६ सांगेल. आपण वाचतो बे, ळ, गा, व, म्हणजे चार. यंत्र मात्र ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व असे सहा तुकडे मोजतं. नावातली पहिली दोनच अक्षरं दाखवायचा कोड लिहिला तर 'बे' मिळेल, 'बेळ' नाही. आपल्यासारखी मोजणी हवी तर इंटल-सेगमेंटर वापरा. तो चार सांगतो.

दुसरी 'ऱ'ची. 'दुसऱ्या', 'येणाऱ्या' या शब्दांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि त्याला हलन्त. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण एका प्रकारे टाइप केलेलं दुसऱ्या प्रकारे शोधलं तर सापडत नाही. उपाय सोपा आहे: शोधण्याआधी मूळ मजकूर आणि वाचकाने टाइप केलेला शब्द, दोन्हींतला दुसरा प्रकार रिप्लेस आज्ञेने पहिल्यात बदलून घ्यायचा. वीस वर्षं कोड लिहिणाऱ्या परदेशी माणसाला हे माहीत असण्याचं कारण नाही. मराठीत पान बनवणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

तिसरा काटा जुन्या मजकुराचा. मंडळाची स्मरणिका, वाचनालयाचा अहवाल, लग्नपत्रिका असा छापखान्यातून मिळालेला मजकूर बहुतेक वेळा श्री-लिपी, आयएसएम किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठीचा मुखवटा. असा मजकूर पानावर चिकटवला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. फॉन्टचं नाव विचारून घ्या, तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलणारा त्या फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरा, आणि बदललेला मजकूर एकदा डोळ्यांनी वाचा. चुका नेहमी त्याच जागी सापडतात: रफार, अर्धा र, 'ळ' आणि पहिली वेलांटी.

जगासमोर ठेवणं

पान बऱ्यापैकी जमलं की ते लगेच वर चढवा, पूर्ण व्हायची वाट बघू नका. गिटहब पेजेस ही सोय सार्वजनिक कोडसाठी मोफत आहे. गिटहबवर खातं उघडा, तुमच्या वापरनावापुढे डॉट गिटहब डॉट आयओ असं नाव देऊन एक रिपॉझिटरी, म्हणजे फाइल ठेवायची जागा, करा, आणि ॲड फाइल, मग अपलोड फाइल्स हे बटण दाबून तिन्ही फाइल टाका. गिट हे फाइलच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन त्यासाठी आधी शिकायची गरज नाही. काही मिनिटांत त्याच पत्त्यावर तुमचं पान दिसू लागतं. साइट १ जीबीपर्यंत मोठी चालते. बाजाराच्या पानाला त्याचा हजारावा हिस्साही लागणार नाही.

संगणकावर दिसणारे फोटो वर चढवल्यावर गायब झाले, तर नव्याण्णव टक्के वेळा कारण एकच असतं. विंडोज नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरं एकच समजतं, गिटहबचा सर्व्हर नाही. कॅमेऱ्याने फाइलच्या शेवटी मोठ्या लिपीत जेपीजी लिहिलं आणि तुम्ही कोडमध्ये लहान लिपीत लिहिलंत, की चित्र हरवलं. म्हणून सगळी नावं लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. आणि फोनमधला फोटो आहे तसा चढवू नका, तो सहज ३ ते ५ एमबी असतो. स्क्वूश या मोफत साइटवर तो २०० केबीच्या आत आणा.

सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकलेलं सगळं कुणालाही दिसतं, पुसलेली जुनी आवृत्तीसुद्धा. भाजीवाल्या मावशींचा फोन नंबर किंवा फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकायचा नाही.

शिकायचं कुठून

मोझिलाचे एमडीएन हे संदर्भासाठी पहिलं घर. फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून मोफत सराव देतं, त्यातला रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचा भाग नवशिक्यांना चांगला. दोन्ही मुख्यतः इंग्रजीत आहेत. मराठी किंवा कन्नड माध्यमात शिकलेल्यांना सुरुवातीला जड जातं, पण एमडीएनची भाषा सोपी आहे आणि तेच शब्द पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे ती मूळातच वाचा. यंत्राने केलेलं भाषांतर कधीकधी कोडमधल्या शब्दांचंही भाषांतर करतं आणि तिथे माणूस फसतो. समजावून घ्यायला मात्र व्हिडिओ बघा, आणि इथे आपलं पारडं जड आहे: हिंदीत सापडलं नाही तर कन्नडमध्ये शोधायचं, मराठीत शोधायचं.

चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून सगळं पान लिहून घेता येतं. मग शिकायचं काय उरलं? चूक दाखवून 'हे का होतंय' विचारायला त्याचा उपयोग करा, आणि दिलेला कोड चिकटवण्याऐवजी स्वतः टाइप करा. पान चढवण्याआधी डब्ल्यू-थ्री-सी या वेबची मानकं बनवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये टाकून बघा, बंद न केलेल्या खुणा तो ओळीच्या आकड्यासह दाखवतो.

अडलं तर आधी एफ-१२ मधला कन्सोल उघडा. लाल अक्षरांतली ओळ नीट वाचा, तिच्यात फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा असतो. त्या ओळीवर आणि तिच्या वरच्या ओळीवर बघा. पाचसहा चुकांमागे एखादं न बंद केलेलं अवतरणचिन्ह किंवा राहून गेलेला कंस असतो.

पुढचं पाऊल तुमच्या पानावरूनच सुचेल. कुणीतरी म्हणेल, यात्रेच्या आठवड्यात आमच्याकडचा बाजार भरत नाही, तेही दाखवा. कुणी म्हणेल, कन्नडमध्ये आख्खं पान द्या. मग तीन भाषांची तीन पानं, वर भाषा बदलायचे तीन दुवे, आणि प्रत्येक दुव्यावर त्या-त्या भाषेचा लँग गुण. रेंज नसतानाही पान उघडावं असं वाटलं की सर्व्हिस वर्कर शिकायची वेळ झाली. तोपर्यंत पानाच्या तळाशी 'माहिती शेवटची तपासली' असं लिहून त्यापुढे तारीख टाका, त्याखाली चूक कळवण्यासाठी एक ईमेल पत्ता द्या, आणि ती लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवा.